गळ्यातली पाटी

तुमच्या लेकीच्या गळ्यात आज काय अडकवलंय, हे तुम्ही शेवटचं कधी पाहिलं?

क्लासची इमारत तुम्ही पाहिली असेल. जिन्यातले टॉपर मुलांचे फोटो पाहिले असतील, मेसची भाजी बोटावर घेऊन चाखली असेल, खिडकीला जाळी आहे का ते तपासलं असेल. गळा पाहिलात का? आमच्या घरच्यांनी पाहिला नव्हता. त्यांचा दोष नाही. असं काही बघायचं असतं, हेच त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून मी सांगतेय. चाकूरला मागं राहिलेल्यांना सांगतेय, आणि आमच्यासारखी बॅग उचलून लातूरला, नांदेडला, पुण्याला गेलेल्या पोरींनाही.

आम्ही दोघी एकाच दिवशी निघालो. मी आणि माझी चुलतबहीण शीतल. ती माझ्याहून वर्षानं लहान, मला अक्का म्हणते. चाकूरच्या स्टँडवर लातूरची एसटी लागली तेव्हा मायनं धपाट्यांचं गाठोडं माझ्या मांडीवर ठेवलं आणि अण्णांनी, माझ्या वडिलांनी, जुन्या पत्रकांचा एक गठ्ठा शीतलच्या मांडीवर. मागची बाजू कोरी होती, कच्चं लिहायला कामाला येईल म्हणाले. खिडकीतून हात घालून मायनं दोघींच्या हनुवट्या वर केल्या.

“कुणी हासलं तर खाली बघू नका. आपलं बोलणं पुरं करायचं अन् मगच गप बसायचं.”

गाडी हलली. शीतल रडत नव्हती. ती पत्रकं वाचत होती.

ही पत्रकं काय होती ते सांगते, कारण पुढचा सगळा राग तिथून येतो. अण्णा डाळमिलमध्ये हमाली करायचे आणि हमालांच्या संघटनेची पत्रकं लिहायचे. आम्ही अक्षरं त्या पत्रकांवरच गिरवली. आमच्या घरात बालगीतांच्या आधी ‘कामगार बंधूंनो’ पाठ झालं. पत्रक उदगीरला छापायला पाठवण्याआधी अण्णा एक गोष्ट नेमानं करायचे. संध्याकाळी अंगणात सगळे हमाल बसायचे आणि ज्याला सगळ्यात कमी वाचता येतं त्याच्या हातात अण्णा तो कागद द्यायचे. तो बोट ठेवून वाचायचा. वाचणारा थांबेपर्यंत मधे बोलायचं नाही, हसायचं तर नाहीच. जिथं तो अडखळला, तिथं अण्णा पेन काढून आपलं वाक्य खोडायचे आणि नवं लिहायचे. मी लहान असताना विचारलं होतं, की अण्णा, वाचता तर त्याला येईना, मग तुम्ही तुमचं का खोडता? अण्णा म्हणाले, “त्याच्यासाठीच लिहिलंय ना? मंग त्याला अडलं तर चूक माझी हाय.”

जगात सगळीकडे असंच असतं, असं मला वाटायचं. लातूरनं दुसऱ्याच आठवड्यात ते काढून टाकलं.

क्लास इंग्रजी बोलायला शिकवण्याचा होता, वर मुलींचं हॉस्टेल. शीतलला नर्स व्हायचं होतं, मला काहीतरी छापायचं होतं, आणि इंग्रजीशिवाय दोन्ही होत नाही असं सगळेच सांगत होते. सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, की मराठवाड्यातल्या पोरांना एक रोग आहे. आपलं मराठी ‘मी’ तोंडात बसलेलं असतं आणि इंग्रजीतही ‘मी’ नावाचा शब्द आहे, म्हणून आपली पोरं ‘आय’ म्हणायच्या जागी सरसकट ‘मी’ म्हणतात. ‘मी गोइंग’, ‘मी हंग्री’. बाहेर गेलं की लोक हसतात. इथपर्यंत खरं होतं. पण रोगावर सरांनी जे औषध काढलं होतं, ते प्लायवूडचं होतं. वहीएवढी पाटी, तिला सुतळी, आणि पाटीवर लाल रंगात इंग्रजीतली दोन अक्षरं, एम आणि ई. ज्या पोरीच्या तोंडून हा शब्द निघेल तिच्या गळ्यात ती पाटी. वर्गात, मेसमध्ये, रविवारी घरी फोन करतानासुद्धा. काढायची कशी? दुसऱ्या पोरीला तो शब्द बोलताना पकडायचं आणि पाटी तिच्या गळ्यात घालायची. दुसरा रस्ता नाही.

थांबा आणि याचा अर्थ बघा. इंग्रजी सुधारली तर पाटी निघत नव्हती. मैत्रीण सापडली तर निघत होती.

मग काय, हॉस्टेलभर सापळे लागले. मेसमध्ये एकजण भाताचं पातेलं उचलून इंग्रजीत विचारायची, कुणाला हवाय? भुकेली पोर पटकन म्हणायची, ‘मी’. झालं. पाटी तिच्या गळ्यात आणि भात दुसरीच्या ताटात. अहमदपूरची एक पोर झोपेत बडबडायची, तर तिची पलंगशेजारीण कान देऊन जागी राहायची. आणि शीतलला पकडलं ते न्हाणीघराच्या दारात. बाहेरून कुणीतरी दार वाजवून इंग्रजीत विचारलं, कोण आहे? डोक्यावर पाणी घेता घेता शीतल म्हणाली, “मी हाय, मी.” ती मराठीत बोलली होती. तिनं सांगूनही पाहिलं. सर म्हणाले, मग तर दुप्पट चूक, मराठी बोलायचीच नाही. ओल्या केसांवर पाटी घातली. लाल रंग तिच्या पंजाबी ड्रेसवर उतरला तो शेवटपर्यंत गेला नाही.

तिनं ती पाटी कुणालाही दिली नाही. पोरी तिच्यासमोर रोज चुकायच्या, ही ऐकायची आणि पुस्तकात बघायची. मी एकदा मुद्दाम तिच्यासमोर चुकले आणि मान पुढं केली. म्हटलं, घाल माझ्या गळ्यात, मला काही होत नाही.

“मंग तू कुणाला धरशील?” ती म्हणाली.

मी मान मागं घेतली.

“राहू दे हितंच. अक्का, हिंडली की लई जणींना लागती ही.”

पाटी तिच्याच गळ्यात राहिली. बॅच संपेपर्यंत. आणि हळूहळू शीतलनं बोलणं सोडलं. आधी इंग्रजी सोडलं, मग वर्गातलं मराठी, मग खोलीतलंही. गप्प माणसाला कोण पकडणार? शेवटच्या दिवशी सरांनी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं, की बघा, हिची एकही चूक होत नाही आता. टाळ्या वाजल्या. त्या टाळ्या मला आजही आठवतात आणि दात आवळले जातात. एका बोलक्या पोरीची वाचा गेली होती आणि त्याला तुम्ही प्रगती म्हणालात, सर.

बाकीच्यांचं काय झालं तेही ऐका. त्यांना ‘मी’ची इतकी दहशत बसली की जिथं तो शब्द हवाच तिथंही त्या ‘आय’ म्हणू लागल्या. ‘गिव्ह आय वॉटर.’ ‘सर कॉल्ड शीतल अँड आय.’ सर मान डोलवायचे. अडाणीपणा गेला असं त्यांना वाटायचं.

आता आम्ही दोघी नांदेडला असतो. एक खोली, एक गॅस, खिडकीतून दिसणारी पाण्याची टाकी. मी एका छापखान्यात कॉम्प्युटरवर मांडणी करते. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, कधीतरी मोर्चाचं पत्रक. शीतल नर्स झाली. लेखी परीक्षेत ती कायम पुढं. एका खासगी दवाखान्यात वॉर्डात लागली आणि तिचं काम बघून म्हाताऱ्या बायका दुसऱ्या नर्सकडून सुई टोचून घेईनात. माझा सकाळचा चहा तिच्या वॉर्डातल्या गोष्टींवर व्हायचा. घरी आमच्या दोघीत ती पुन्हा बोलायला लागली होती. फक्त घरी.

मग दवाखान्यात नवे मोठे साहेब आले. ड्यूटी बदलताना पेशंटची माहिती सगळ्यांसमोर उभं राहून इंग्रजीत सांगायची, असा त्यांनी हुकूम काढला. शीतलची पाळी आली, ती उभी राहिली आणि तिच्या तोंडातून शब्द निघेना. तिला सगळं माहीत होतं. कुणाला रात्री ताप चढला, कुणाची सलाईन किती उरली, सगळं. ती हात गळ्याशी नेऊन उभी राहिली. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी तिची बदली झाली, उपकरणं उकळून निर्जंतुक करायच्या खोलीत. तिथं बोलावं लागत नाही. तिथं माणूसच नसतं. मेट्रन बाई चांगल्या होत्या, त्यांनी सांगितलं की महिनाअखेरपर्यंत जागा धरून ठेवते, तोवर उभी राहून बोललीस तर वॉर्ड तुझा, नाहीतर तिथंच कायम.

शीतल मला म्हणाली, बरंय तिथं, वाफ असती, ऊब असती. मी तिला ओळखते. तिला माणसं हवी असतात.

त्याच दिवसांत एक गोष्ट घडली. नांदेडला गुरुद्वाऱ्याला जगभरून लोक येतात, तुम्हाला माहीतच आहे. लंडनहून आलेली एक आजी दर्शनाच्या रांगेत चक्कर येऊन पडली आणि शीतलच्या दवाखान्यात भरती झाली. सोबत तिची नात, कॉलेजची पोर, लंडनमध्येच जन्मलेली. शीतल उपकरणांचा ट्रे घेऊन वॉर्डात गेली तेव्हा डॉक्टर इंग्रजीत विचारत होते, पेशंटसोबत कोण आहे? ती लंडनची पोर म्हणाली, ‘मी’. आणि पुढं म्हणाली, ‘मी अँड माय ब्रदर’.

शीतल ट्रे हातात घेऊन तशीच उभी राहिली. कुणीतरी आता पाटी आणणार, असं तिला क्षणभर वाटलं. कुणी आणली नाही. डॉक्टरांनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला.

घरी येऊन तिनं मला हे सांगितलं, चप्पल पायातच ठेवून. “अक्का, ती तर तिथलीच हाय. तिला कुणीच काही म्हणलं न्हाई. लोकं असंच बोलून राहिलेत तिकडं.” ती हसत होती आणि डोळे पुसत होती.

माझं डोकं फिरलं. पण का फिरलं ते नीट सांगू द्या, कारण इथं गल्लत होते. सर चुकीचं शिकवत होते म्हणून मला राग आला असं कुणाला वाटेल. तो राग छोटा आहे. सरांचं व्याकरण पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत बरोबर असतं, तरी ती पाटी पापच होती. माझा राग पाटीवर आहे. चुकणाऱ्याच्या गळ्यात काहीतरी अडकवायचं, आणि सुटायचं असेल तर दुसऱ्याला अडकव म्हणायचं, या अकलेवर आहे. ही अक्कल इंग्रजीची नाही. ही आपलीच आहे. कुणाच्या गळ्यात काय अडकवायचं हे ठरवण्याची आपल्याला फार जुनी सवय आहे, क्लासनं फक्त तिला नवं प्लायवूड दिलं.

आणि शिकवायचं म्हटलं तर किती वेळ लागतो? त्या संध्याकाळी मी तिला भाकरी थापता थापता सांगितलं, जसं मला छापखान्यातल्या एका म्हाताऱ्या मुद्रितशोधकानं सांगितलं होतं. करणारी तू असशील तर ‘आय’. तुझ्यावर काही होत असेल, तुला कुणी बोलावलं, तुला कुणी दिलं, तर ‘मी’. दोन माणसं जोडून आली आणि गोंधळ झाला तर दुसऱ्याला बाजूला काढून ऐकायचं. ‘मॅडम कॉल्ड शीतल अँड आय’ म्हणताना शीतल काढ. ‘मॅडम कॉल्ड आय’ म्हणशील का?

“न्हाई,” ती म्हणाली. “कानाला टोचतंय.”

मग ‘मी’. आणि दाराआडून कुणी विचारलं कोण आहे, तर खुशाल ‘मी’. सगळं जग तसंच म्हणतं. भाकरी करपायच्या आत झालं शिकवून. सुतळी लागली नाही.

पण समजणं वेगळं आणि चारचौघांत तोंड उघडणं वेगळं. महिना संपत आला होता आणि ती अजून वाफेच्याच खोलीत होती. अशात लातूरहून क्लासचा फोन आला. सर स्वतः बोलत होते. म्हणाले, आमची विद्यार्थिनी नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात आहे, आम्हाला अभिमान आहे, सत्काराला यायचं. फ्लेक्सवर तिचा फोटोही छापून झाला होता, नर्सची टोपी घातलेला. मी म्हटलं, जायचं नाही, त्या माणसाच्या दारात पाय ठेवायचा नाही. शीतल म्हणाली, “जाऊ. मला बघायचंय, अजून हाय का ती.”

ती म्हणजे पाटी.

एसटी लोहा, अहमदपूर करत चाकूरला थांबली. माय स्टँडवर आली होती. निघालो त्या दिवशीसारखंच खिडकीतून गाठोडं आत आलं, फक्त आता तिचा हात खिडकीपर्यंत पोचायला टाचा वर कराव्या लागत होत्या. मायला आम्ही पाटीचं कधीच सांगितलं नव्हतं. त्या दिवशी शीतलनं सांगितलं, गाडी उभी होती तेवढ्यात. मायचं तोंड बदललं. तिनं शिव्या दिल्या त्या इथं लिहीत नाही. शेवटी म्हणाली, “आता तरी पुरं बोलून ये.”

हॉल भरलेला होता. पोरी, त्यांचे आईबाप, समोर फुगे. शीतलच्या खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला, गळ्यात हार आला. आणि पहिल्या रांगेत एका पोरीच्या गळ्यात ती पाटी होती. तीच. सुतळी नवी, लाल अक्षरं पुन्हा गिरवलेली. तिचे वडील तिच्या शेजारीच बसले होते, टाळ्या वाजवत. त्यांना वाटत असणार, बक्षीस आहे.

सर माइकवर म्हणाले, शीतल आता तुम्हाला इंग्रजीतून दोन शब्द सांगेल. शीतल उठली आणि माइक सोडून सरळ खाली उतरली. त्या पोरीसमोर जाऊन वाकली.

“गाव कोणतं गं तुझं?”

“शिरूर,” पोरीनं ओठ न हलवता सांगितलं. मराठी बोलल्याबद्दल आणखी काही अडकेल अशी तिला भीती होती.

शीतलनं तिच्या डोक्यावरून पाटी काढली. सरांना वाटलं, हाही कार्यक्रमाचा भाग आहे, ते हसले. मग ती पाटी हातात धरून माइकपाशी आली आणि इंग्रजीत बोलली. ही माझ्या गळ्यात बॅचभर होती. मी कुणाला दिली नाही. म्हणून मी बोलायची थांबले. मी नर्स आहे आणि न बोलल्यामुळं आज मी पेशंटपासून दूर आहे. ही मी घेऊन जातेय. एवढंच. मधे दोनदा अडली, एकदा शब्द शोधत बराच वेळ थांबली. मागून कुणीतरी पोरगा फिसकन हसला. शीतलचा हात गळ्याकडे गेला. मी पाहिलं, तिची हनुवटी खाली येत होती, आणि मग ती थांबली, वर आली, आणि तिनं त्या पोराकडे बघत वाक्य पुरं केलं. मगच गप्प बसली. त्या वाक्यांत कुठं काय चुकलं ते मी इथं लिहिणार नाही. ज्याला मोजायचं असेल त्यानं आधी स्वतःचा गळा चाचपावा.

टाळ्या वाजल्या नाहीत. त्या पोरीचे वडील तेवढे उभे राहिले आणि लेकीच्या मानेवर सुतळीचा वळ उठला होता त्यावर बोट फिरवत राहिले.

सोमवारी शीतल पहाटेच वॉर्डात फिरून सगळे पेशंट बघून आली आणि ड्यूटी बदलताना न बोलावता जाऊन उभी राहिली. तिनं सगळ्या वॉर्डाची माहिती सांगितली, मोडकीतोडकी, पण काही सोडलं नाही. साहेबांनी मधेच एक शब्द दुरुस्त करायला तोंड उघडलं तर मेट्रन बाई म्हणाल्या, तिचं होऊ द्या आधी. अण्णांच्या अंगणाची आठवण झाली, असं शीतलनं घरी येऊन सांगितलं. वॉर्ड तिला परत मिळाला. पाटी आमच्या खोलीत पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून आहे. बरोबर बसते.

इथं संपलं असतं तर मी हे लिहिलं नसतं. शिरूरच्या त्या पोरीनं काल फोन केला. सरांनी नवी पाटी करून घेतली आहे. या वेळी प्लास्टिकची, मोडू नये म्हणून. तिचे वडील तिला घरी घेऊन गेलेत, पण बाकीच्या तिथंच आहेत.

लोक विचारतात, आता तुमचं घर कुठलं, चाकूर का नांदेड? मी पत्ता सांगत नाही. वाचणारा अडखळला तर लिहिणारा आपली चूक खोडायचा ते अंगण माझं घर होतं, आणि आता शीतल अडत अडत बोलते तेव्हा मी भाकरी उलटायची थांबवून ऐकते ती खोली माझं घर आहे. घर म्हणजे जिथं आपलं बोलणं पुरं होईपर्यंत कुणीतरी थांबतं. आमच्या गावातून अशा किती पोरी निघाल्या, ज्यांना त्यानंतर असं घर मिळालंच नाही.

म्हणून सांगते ते करा. या रविवारी लेकीला फोन करून जेवलीस का विचारू नका. उठा, एसटीत बसा, तिच्या क्लासमध्ये न सांगता जा आणि तिचा गळा बघा. पाटी दिसली तर परवानगी मागू नका. तिच्या गळ्यातून काढा, दुसऱ्या पोरीच्या गळ्यात जाण्याआधी पिशवीत टाका आणि घरी घेऊन या. पिठाच्या डब्याला झाकण सगळ्यांनाच लागतं.